डोस आणि सॅम्पल एकाच शेपटीतून: उंदराच्या रक्तातले औषध मोजताना

तुमची हकिगत आधी थोडक्यात मांडतो. २५ ग्रॅमचे माईस, म्हणजे प्रयोगशाळेतले लहान उंदीर. एका गटाला शेपटीच्या शिरेतून किलोमागे २ मिलिग्रॅम डोस दिला, सोल्युशनमध्ये २० टक्के पीईजी ४०० (औषध विरघळवायला वापरतात तो द्रव), देण्याचे प्रमाण किलोमागे ५ मिलिलिटर. दुसऱ्या गटाला तोंडावाटे किलोमागे १० मिलिग्रॅम, सस्पेन्शन करून, म्हणजे न विरघळलेले बारीक कण द्रवात कालवून. दोन्ही गटांचे रक्त शेपटीतूनच घेतले, दर वेळी २० मायक्रोलिटर, आणि प्लाझ्मा (पेशी काढून उरलेला रक्तद्रव) एलसी-एमएसवर, म्हणजे रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर मोजला. शिरेच्या गटात पाचव्या मिनिटाला तीन उंदरांचे आकडे आले १,१५०, १,३१० आणि १९,४०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. पंधराव्या मिनिटाची सरासरी ९००. शेवटी शिरेच्या डोसचा एयूसी (पातळी आणि वेळ यांच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ) ३,२०० नॅनोग्रॅम-तास प्रति मिलिलिटर निघाला, तोंडावाटेचा १,४४० आणि जैवउपलब्धता, म्हणजे तोंडावाटे दिलेल्या डोसपैकी रक्तात पोचलेला हिस्सा, ९ टक्के. तुमचे सर म्हणतात, यंत्र बिघडले आहे. तुम्ही म्हणता, औषध यकृतातच संपते, तेव्हा रेणू बाद करावा का?

मला दोन्ही पटत नाही. यंत्राला दोष देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या दिवशीचे सगळे क्यूसी, म्हणजे औषधाची पातळी आधीच माहीत असलेले तपासणीचे नमुने, १५ टक्क्यांच्या आत बसले असे तुम्हीच लिहिले आहे. ज्या यंत्राने आधीचे आणि नंतरचे क्यूसी बरोबर वाचले, ते मधल्या एकाच व्हायलला (सॅम्पलच्या कुपीला) पंधरा पट फुगवून सांगेल, असे सहसा होत नाही. (क्यूसी पास झाले म्हणजे सगळे आलबेल, असेही नाही. त्याकडे नंतर येतो.)

आधी कागद-पेन्सिल घ्या. माऊसमध्ये किलोमागे साधारण ७२ मिलिलिटर रक्त धरतात, म्हणजे २५ ग्रॅमच्या जनावरात जेमतेम १.८ मिलिलिटर. तुम्ही दिलेला डोस ५० मायक्रोग्रॅम. तो सगळाच्या सगळा रक्तात राहिला, एक कणही ऊतींमध्ये गेला नाही, तरी रक्तातली पातळी सुमारे २८,००० भरते. रक्तपेशींत आणि प्लाझ्मात औषध सारखेच आहे असे धरले, तर १९,४०० चा अर्थ होतो की पाच मिनिटांनंतरही ७० टक्के डोस रक्तातच फिरतो आहे. शेजारच्या दोन भावंडांत मात्र तो जेमतेम ४-५ टक्के उरला आहे. एकाच जातीचे, एकाच वयाचे, एकाच पिंजऱ्यातले उंदीर इतके वेगळे वागत नाहीत. तेव्हा तो आकडा उंदराच्या रक्ताचा नाही, तुमच्या सोल्युशनचा आहे.

सोल्युशन किती लागले असेल, तेही काढून पाहा. तुमच्या सिरिंजमधले द्रव मिलिलिटरला ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये ४०० नॅनोग्रॅम. २० मायक्रोलिटर रक्तातून १० मायक्रोलिटर प्लाझ्मा मिळाला आणि त्यात जास्तीचे १८,००० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आहेत, म्हणजे प्रत्यक्षात १८० नॅनोग्रॅम. तेवढ्याला अर्धा मायक्रोलिटर सोल्युशन पुरे. रक्तपेशींतही वाटले गेले असे धरले तर फार तर एक. सुई काढताना शिरेबाहेर, कातडीखाली किंवा केसांच्या मुळाशी एवढा थेंब सहज राहतो. डोळ्याला दिसतही नाही. पाच मिनिटांनी त्याच शेपटीला छेद दिला की तो थेंब रक्ताबरोबर तुमच्या नळीत येतो.

हा नियम आमच्याकडे प्राणिगृहात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितला जातो, आणि दर वर्षी कुणीतरी मोडतोच. ज्या वाटेने डोस आत गेला, त्या वाटेने रक्त बाहेर काढायचे नाही. शेपटीत डोस, तर रक्त पायाच्या शिरेतून. रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) मानेच्या शिरेत कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, बसवली असेल, तर डोस दुसऱ्या शिरेतून. दोन्ही एकाच कॅन्युलातून केले, तर ती कितीही वेळा धुतली तरी प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटलेले तेलकट रेणू तासभर थोडे थोडे सुटत राहतात. मग औषधाचे अर्धायुष्य लांबलेले दिसते आणि आपण खूश होतो.

आता त्या एका थेंबाने किती नुकसान केले ते पाहू. पाचव्या मिनिटाची सरासरी १,२३० धरायची तिथे तुम्ही ७,२८७ धरली. पहिल्या दोन बिंदूंवरून शून्य वेळेची पातळी काढली जाते, म्हणून ती चूक मागेही पसरते. माझ्या हिशेबाने शून्य वेळेची पातळी १,४४० च्या ऐवजी २०,००० च्या वर गेली आणि एयूसीमध्ये सुमारे १,३०० ची भर पडली. ती काढली की ३,२०० चे १,९०० उरतात आणि तुमचे ९ टक्के होतात १५.

पंधराही कमीच, हे खरे. पण यकृताकडे बोट दाखवण्याआधी क्लिअरन्स, म्हणजे दर मिनिटाला किती रक्त औषधापासून मोकळे होते, ते काढा. २ मिलिग्रॅमला १,९०० ने भागले की किलोमागे मिनिटाला साडेसतरा मिलिलिटर येतो. माऊसच्या यकृतातून किलोमागे मिनिटाला सुमारे ९० मिलिलिटर रक्त वाहते (रॅटमध्ये ५५, माणसात २१). म्हणजे यकृत एका फेरीत साधारण पाचवा हिस्सा औषध काढते आणि ऐंशी टक्के पुढे जाऊ देते. उरलेले दोन उंदीरही थोडेफार बाटलेले असतील आणि खरा एयूसी याच्या निम्मा असेल, असे मुद्दाम वाईटात वाईट धरून पाहिले, तरी साठेक टक्के औषध यकृतातून सुखरूप निसटायला हवे. ते निसटत नाही, याचा अर्थ ते यकृतापर्यंत पोचतच नाही. आतड्यात विरघळत नाही, आतड्याची भिंत ओलांडत नाही, किंवा त्या भिंतीतच तुटते. तुमच्या सस्पेन्शनच्या कणांचा आकार किती होता? डोस देताना बाटली हलवत होतात का? मी पैज यकृतावर लावणार नाही, विद्राव्यतेवर लावीन. तोंडावाटे पुन्हा एकदा द्या, पण पूर्ण विरघळलेल्या सोल्युशनच्या रूपात. त्याने जैवउपलब्धता उसळली, तर रेणूचा दोष नाही, सस्पेन्शनचा आहे.

आता तुम्ही विचारलेला दुसरा प्रश्न, रक्त कुठून आणि किती.

सर्वसाधारण मर्यादा अशी, की एकूण रक्ताच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त एका वेळी काढू नये, आणि तेवढे काढले तर भरून यायला दोन आठवडे द्यावेत. तुमच्या संस्थेच्या प्राणी समितीने याहून कमी मंजूर केले असेल, तर तोच आकडा शेवटचा. माऊसमध्ये १० टक्के म्हणजे १८० मायक्रोलिटर. वीस-वीसचे आठ सॅम्पल १६० होतात, तेव्हा कागदावर एका उंदरात पूर्ण आलेख बसतो. पण कापसाने टिपलेले आणि पिंजऱ्यात ठिबकलेले रक्तही त्याच हिशेबात मोजायचे असते, आणि ते कुणी मोजत नाही. म्हणून मी आठऐवजी सहा किंवा सातवर थांबतो. २५० ग्रॅमच्या रॅटमध्ये १६ मिलिलिटर रक्त असते, तिथे ही ओढाताण नाही.

जुनी पद्धत म्हणजे प्रत्येक वेळेला तीन उंदीर, हृदयातून सगळे रक्त काढायचे आणि जनावर संपवायचे. आठ वेळांना चोवीस उंदीर लागतात. प्लाझ्मा भरपूर मिळतो, पण आलेख चोवीस वेगवेगळ्या उंदरांतून जोडलेला असतो. त्यातल्या कुठल्याही एकाचा क्लिअरन्स तुम्ही सांगू शकत नाही आणि उंदराउंदरांतला फरक कळत नाही. वीस मायक्रोलिटरच्या केशनळ्या वापरून तीन-चार उंदरांत तेच काम होते, आणि प्रत्येकाचा स्वतःचा आलेख मिळतो. तुमचा १९,४०० इतक्या ठळकपणे उठून दिसला असता तोही याच पद्धतीत. त्याच उंदराचे पुढचे बिंदू शेजाऱ्यांच्या रेषेवर परत आले, की पाचव्या मिनिटाला काहीतरी घडले हे उघड होते. तुमच्या वहीत प्रत्येक उंदराचे वेगळे आकडे असतील तर आत्ताच पाहा.

मांडीच्या आतून खाली येणारी सॅफेनस शीर मला सर्वांत सोयीची वाटते. केस काढा आणि त्वचेवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा, म्हणजे रक्त पसरत नाही, गोल थेंब धरते. सुईने एकदाच टोचा आणि ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) लावलेली केशनळी आडवी धरून थेंबाला टेकवा. पुढच्या वेळी खपली हलकेच काढली की काम होते, पुन्हा टोचावे लागत नाही. मांडी पिळून रक्त काढू नका. पिळलेल्या रक्तात ऊतींमधला द्रव मिसळतो आणि पेशी फुटतात. डोळ्यामागून रक्त घेणे मी सोडून बरीच वर्षे झाली. त्याला भूल द्यावी लागते, इजा होते, आणि भुलीने यकृताचा रक्तप्रवाह बदलतो तो वेगळाच.

वेळेबद्दल एकच, पण पक्के. ठरलेली वेळ लिहू नका, घडलेली लिहा. औषध सुरुवातीला दर तीन मिनिटांनी निम्मे होत असेल, तर एका मिनिटाच्या उशिराने पातळी २० टक्क्यांनी घसरते. आठव्या तासाला तोच उशीर कुणाच्या खिजगणतीतही नसतो. डोसचेही तसेच. देण्याआधी आणि दिल्यानंतर सिरिंज वजन करा. शेपटीच्या शिरेत सुई बसली नाही आणि अर्धा डोस बाजूला गेला, तर शेपटी तिथे फुगते, पांढरी पडते. ते दिसले की त्या उंदराच्या नावापुढे लगेच लिहायचे. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीवर माझा विश्वास नाही, माझ्या स्वतःच्याही नाही.

नळीतल्या गोष्टीवर मात्र जरा थांबतो, कारण माझी सर्वांत मोठी फजिती तिथेच झाली. एस्टरचा बंध असलेला एक रेणू आम्ही रॅटला तोंडावाटे देत होतो. रक्तात मूळ रेणू जवळजवळ शून्य. आम्ही "शोषण होत नाही" असा निष्कर्ष लिहून मोकळे झालो. पद्धत नीट तपासलेली होती, क्यूसी सुंदर होते, चोवीस तास टेबलावर ठेवूनही हलत नव्हते. फक्त ते क्यूसी आम्ही माणसाच्या प्लाझ्मात केले होते, कारण रॅटचा कोरा प्लाझ्मा तेव्हा हाताशी कमी होता. माणसाच्या प्लाझ्मात कार्बॉक्सिलएस्टरेज, म्हणजे एस्टरचा बंध तोडणारे एन्झाइम, नसते. रॅट आणि माऊसच्या प्लाझ्मात ते भरभरून असते. शिरेतून काढलेले रक्त सेंट्रिफ्यूजपर्यंत जाईतो आमचा रेणू नळीतच तुटत होता. एनालाप्रिल आणि ओसेल्टामिव्हिर या औषधांचीही हीच गत होते. रॅटच्या प्लाझ्मात ती झपाट्याने तुटतात, माणसाच्या प्लाझ्मात टिकतात. आम्ही नळीत आधीच एस्टरेज रोखणारे रसायन ठेवले, रक्त पडताच बर्फात दाबले आणि प्रयोग पुन्हा केला. औषध तिथेच होते.

तेव्हापासून कुठलाही नवा रेणू आला की जनावराला डोस देण्याआधी मी एक साधी चाचणी करतो. त्याच जातीच्या प्राण्याचे ताजे रक्त घेऊन त्यात औषध मिसळायचे. एक भाग ३७ अंशांवर, एक बर्फात. शून्य, पंधरा, तीस आणि साठ मिनिटांनी थोडे थोडे काढून लगेच अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये टाकायचे. एका दुपारचे काम आहे. तुमच्या रेणूत एस्टर, अमाइड किंवा लॅक्टोन काही असेल, तर हे आधी करा. चाचणीला महिनोन्महिने गोठवलेले रक्त वापरू नका, त्यातली एन्झाइम्स मंदावलेली असू शकतात.

याच चाचणीत आणखी एक गोष्ट फुकट मिळते. रक्त आणि त्यातून काढलेला प्लाझ्मा, दोन्ही मोजले की औषध पेशींत किती बसते ते कळते. टॅक्रोलिमससारखे औषध तांबड्या पेशींना इतके धरून असते की ते मुळात अख्ख्या रक्तातच मोजतात. अशा रेणूच्या प्लाझ्माची पातळी सॅम्पल किती वेळ कोणत्या तापमानाला पडून होते त्यावर बदलू शकते, आणि गुलाबी झालेला, म्हणजे पेशी फुटलेला प्लाझ्मा तर चक्क खोटे बोलतो. वर मी यकृताच्या रक्तप्रवाहाशी जी तुलना केली, तिच्यातही रक्त आणि प्लाझ्मा यांतल्या पातळ्यांचे गुणोत्तर एक धरले आहे. तुमचे वेगळे निघाले तर माझा हिशेब त्या प्रमाणात सुधारून घ्या.

आता क्यूसी पास होऊनही फसवणारी गोष्ट. क्यूसी कोऱ्या, स्वच्छ प्लाझ्मात केलेले असतात. खऱ्या सॅम्पलमध्ये पीईजी ४०० असते आणि औषधाची शरीरात बदललेली रूपे असतात, क्यूसीमध्ये दोन्ही नसतात. तुमच्या डोसमधून उंदराला किलोमागे एक मिलिलिटर पीईजी गेले. सुरुवातीच्या सॅम्पलमध्ये ते मिलिलिटरला मिलिग्रॅमच्या घरात असणार. ते औषधाबरोबर कॉलममधून (रेणू वेगळे करणाऱ्या नळीतून) बाहेर पडले, तर आयनीकरण, म्हणजे यंत्रात औषधाला विद्युतभार मिळणे, दाबते आणि पातळी आहे त्याहून कमी दिसते. म्हणजे तुमच्या शिरेच्या गटात एक चूक आकडा वर ढकलते आहे आणि दुसरी कदाचित खाली ओढते आहे. तपासायला दोन मिनिटे लागतात. त्या बॅचमधल्या प्रत्येक व्हायलचे इंटर्नल स्टँडर्डचे (प्रत्येक सॅम्पलमध्ये तुलनेसाठी सारखेच घातलेल्या रेणूचे) क्षेत्रफळ एका रेषेत मांडा. पाचव्या आणि पंधराव्या मिनिटाच्या व्हायलमध्ये ते खड्ड्यात गेले असेल, तर पीईजीच दोषी. औषधाचेच ड्युटेरियम (जड हायड्रोजन) लावलेले रूप इंटर्नल स्टँडर्ड म्हणून वापरले असेल, तर तेही औषधाइतकेच दबते आणि गुणोत्तर बऱ्यापैकी सावरते. दुसराच एखादा रेणू वापरला असेल, तर सावरत नाही. उपाय म्हणजे ग्रेडियंट (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवाचे मिश्रण बदलत नेण्याचा क्रम) लांबवून औषध पीईजीपासून दूर नेणे, किंवा सॅम्पल कोऱ्या प्लाझ्माने दहापट पातळ करून पुन्हा मोजणे.

बदललेल्या रूपांचा त्रास वेगळा. ग्लुकुरोनाइड झालेले, म्हणजे शरीराने साखरेसारखा रेणू जोडलेले औषध यंत्राच्या सोर्समध्ये (सॅम्पल आत शिरते त्या तापत्या भागात) तापून पुन्हा मूळ रेणूत मोडते आणि मूळ औषध म्हणून मोजले जाते. कॉलमवर दोघे वेगळे पडत असतील तर चिंता नाही. दीड मिनिटात सगळे उरकणारी पद्धत असेल, तर चिंता करा. आयसीएच या औषधविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेच्या, २०२२ मध्ये मान्य झालेल्या एम१० या मार्गदर्शिकेत खरे सॅम्पल पुन्हा मोजून पाहायला सांगितले आहे. त्यातल्या किमान दोनतृतीयांशांत दोन मोजण्यांमधला फरक २० टक्क्यांच्या आत हवा. शोधाच्या टप्प्यावर हे सक्तीचे नाही, पण पाच-सहा सॅम्पलवर तरी करावेच. आणि शिरेच्या गटातल्या सर्वांत मोठ्या सॅम्पलनंतर एक कोरी व्हायल लावत जा. तुमच्या १९,४०० नंतर लगेच तोंडावाटेचे पहिले सॅम्पल लागले असेल, तर त्यात काय सांडले असेल तेही पाहावे लागेल.

तोंडावाटेच्या गटात उंदराउंदरांत तिप्पट फरक आहे असे तुम्ही म्हणता. त्यात मला नवल वाटत नाही. माऊस रात्री खातो, तेव्हा सकाळी त्याचे पोट तुम्हाला वाटते तितके रिकामे नसते. म्हणून लोक रात्रभर उपाशी ठेवतात. त्यात हा एवढासा प्राणी वजनाचा मोठा हिस्सा गमावतो आणि त्याची चयापचय क्रियाच बदलते. मी सकाळी अन्न काढून चार तासांनी डोस देतो, पाणी तसेच ठेवतो. शिवाय हे प्राणी स्वतःची विष्ठा खातात. चोवीस तासांच्या आलेखात दहाव्या-बाराव्या तासाला फुगवटा दिसला, तर पित्तातून परत आलेल्या औषधाआधी हे कारण तपासा. आणि पुढे रॅटकडे वळलात तर नर-मादी एकाच गटात मिसळू नका. नर रॅटच्या यकृतातले सीवायपी२सी११ हे औषध तोडणारे एन्झाइम मादीत नसते, त्यामुळे कित्येक औषधे नरात भराभर संपतात.

पुढच्या वेळी मी काय करीन ते सांगतो. शिरेचा गट पुन्हा, चार नर माईस, डोस शेपटीत, रक्त सॅफेनस शिरेतून. वेळा ५, १५ आणि ३० मिनिटे, मग १, ३, ६ आणि १० तास. सात सॅम्पल, १४० मायक्रोलिटर. उतरणीच्या शेवटच्या भागात किमान तीन बिंदू हवेत, आणि शेवटच्या बिंदूपुढे अंदाजाने अनंतापर्यंत वाढवून धरलेला एयूसीचा भाग २० टक्क्यांच्या आत राहायला हवा. तो जास्त निघाला, तर दहाव्या तासाच्या जागी पुढची वेळ घ्या. सॅम्पलची संख्या वाढवू नका. तोंडावाटेचा गट सोल्युशनमध्ये, त्याच वेळांना. दोन्ही गटांना डोस देणारा आणि रक्त घेणारा माणूस वेगळा असावा, किंवा निदान मध्ये हातमोजे बदललेले असावेत. डोस देताना ज्या हातमोज्यावर सोल्युशनचा शिंतोडा उडाला, त्यानेच केशनळी धरली तर शेपूट बदलून काही उपयोग नाही.

१९,४०० हा आकडा खोडू नका. केवळ मोठा आहे म्हणून आकडा वगळता येत नाही. तो बाटला होता हे आज आपण तर्काने म्हणतो आहोत, त्या वेळी कुणी पाहिलेले नाही. वहीत तो तसाच राहू द्या, बाजूला डोस आणि सॅम्पल दोन्ही शेपटीतून घेतल्याची नोंद करा आणि त्या शिरेच्या गटाचा एयूसी कुठेच वापरू नका, माझा १,९०० सुद्धा नाही. त्या उंदराचा थोडा प्लाझ्मा उरला असेल, तर तो उणे ७० मध्येच असू द्या. नव्या गटाचे सॅम्पल लावाल त्या दिवशी तोही पातळ करून त्याच बॅचमध्ये लावा. आकडा पुन्हा १९,००० च्या आसपास आला, तर तो बॅचचा कागद सरांच्या टेबलावर ठेवा, म्हणजे सर्व्हिस इंजिनिअरला बोलवायचा विषय संपेल.